पाखरकड्याच्या फाट्यावर

फोन सकाळी साडेआठला आला, तेव्हा वनपाल क्रांती सासने गॅससमोर उभी होती. चहा उतू जात होता आणि ती त्याला जाऊ देत होती.

“मॅडम, माणूस पडलाय,” पलीकडून वनमजूर पिराजी झोरेचा आवाज आला. “पाखरकड्यावरनं. ट्रेकवाल्यांचा म्होरक्या. ग्येला.”

“कसा पडला, पिराजीमामा?”

फोनमध्ये वारा घोंघावत होता.

“माझा बाण चुकला, मॅडम. म्याच मारला म्हना की त्येला.”

क्रांतीनं गॅस बंद केला, गणवेश चढवला आणि मोटरसायकल काढली. अभयारण्याच्या पायथ्याचं गाव पाऊण तासावर. डिसेंबरचं धुकं अजून उठलं नव्हतं, हाताची बोटं गारठली होती, पण तिच्या ते लक्षात आलं नाही. आई जाऊन दोन महिने झाले होते. त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. तेराव्याला काकी सगळ्यांसमोर म्हणाली, “पोरगी दगड हाय, दगड.” क्रांतीला त्याचंही काही वाटलं नाही. पाय बधिर झाला की माणूस चिमटा काढून बघतो, तशी ती अधूनमधून आईची साडी हातात घेऊन बघायची. काही नाही. मग घडी घालून परत ठेवायची.

गावच्या शाळेच्या पडवीत ट्रेकिंग मंडळाची माणसं बसली होती. बारा जण होते, सगळे कसबा बावड्याचे. दर डिसेंबरात हे मंडळ पाखरकडा चढायचं. काल दुपारी येऊन रात्री सगळे याच पडवीत झोपले होते. आता मंडळाचा प्रमुख उदयसिंह खराडे पडवीच्या टोकाला चादरीखाली होता. गावकऱ्यांनी त्याला दरीतून काढून आणला होता.

फौजदार शशिधर मगदूम आधीच पोहोचला होता. तो गडहिंग्लजकडचा, बोलायला मोकळा आणि पोटानं सुखवस्तू.

“अक्का, सोपी केस हाय,” तो म्हणाला. “तुमच्या पिराजीनं काल सांजच्याला वाट आखली. फाट्यावर उजवीकडं बाण काढायचा, त्यो काढला डावीकडं. डावीकडं कडा. धुक्यात ग्येला बिचारा. पिराजी पितो, ह्ये अख्ख्या गावाला म्हाईत हाय. त्यो सवताच कबूल करालाय. मी त्याला घिऊन जातो. निष्काळजीपणानं मृत्यू.”

“खराडे सहा वर्षं येतोय इथं. त्याला वाट माहीत नाही?”

“जुनी म्हाईत होती. पर ती तुमच्याच खात्यानं बंद केली न्हवं, गेल्या साली त्यो पोरगा मेल्यावर? नव्या वाटेनं ह्यो पहिलाच ट्रेक. बाण बघूनच जायाचं.”

ते खरं होतं. गेल्या डिसेंबरात याच मंडळातला पृथ्वीराज पोवार नावाचा वीस वर्षांचा मुलगा उतरताना मागे पडला होता आणि अंधारात त्याच कड्यावरून गेला होता. सांगूनही तो एकटा भटकत राहिला, असा जबाब मंडळानं दिला होता. त्यानंतर जुनी वाट बंद झाली.

पिराजी पडवीच्या पायरीवर बसला होता. पंचावन्नचा, काटक माणूस. बावीस वर्षं खात्यात रोजंदारीवर होता आणि त्याला कायम करण्याची फाईल याच महिन्यात वर गेली होती. शेजारी बसून एक वयस्कर गृहस्थ त्याला तांब्यातून पाणी पाजत होते. कानटोपी, धुतलेला पांढरा शर्ट, कपाळावर टोपीच्या काठाखाली कुंकवाचं लाल बोट.

“घ्या, मामा, दोन घोट घ्या. असं बसून कसं चालंल?” ते म्हणत होते.

“हे कोण?” क्रांतीनं विचारलं.

“जोतीराम पोवार सर,” मगदूम हळूच म्हणाला. “शाळेत पीटीचे मास्तर हुते. गेल्या साली मेलेल्या पोराचे वडील. वर्षाचा दिवा लावायला आल्यात. देवमाणूस! पिराजीला सोडा म्हणून मघापासनं मलाच इनवण्या करालाय.”

क्रांती पिराजीसमोर उकिडवी बसली.

“मामा, बाण किती वाजता काढला?”

“पाचला. ऊन हुतं अजून.”

“तेव्हा प्यायला होतात?”

“न्हाय. खाली आल्यावर घ्येतली.”

“बाण कशानं काढला?”

“रांगोळीनं की. चुना तुमीच बंद केलाय दोन वरसं. मुंग्या मरत्यात, मुळं करपत्यात म्हून. खात्याची रांगोळीची पिशवी हाय माझ्याकडं.”

“बरोबर कोण होतं?”

“खिंडीच्या खालपतूर ह्यो ट्रेकवाल्यांचा ऋतुराज हुता. त्येनं बी चार बाण काढलं. म्होरं मी एकलाच.”

“फाट्यावर काय केलं?”

“उजवीकडं बाण. डाव्या वाटंवर फांदी आडवी.” तो थांबला. ओल्या डोळ्यांनी नाही, कोरड्या डोळ्यांनी त्यानं तिच्याकडे पाहिलं. “आसं वाटतंय. पर सकाळी आरडावरडा ऐकून वर पळालो, बघितलं तर फांदी उजवीकडं, बाण डावीकडं. मग म्याच उलटं क्येलं आसंल. दुसरं कोन करनार? डोसकंच ऱ्हायलं न्हाय मॅडम माझं.”

ही दारूची खरी शिक्षा. चोरी न केलेला माणूसही स्वतःचे खिसे तपासू लागतो.

“फौजदारसाहेब, दोन तास द्या,” क्रांती उठली. “मी वर जाऊन येते. मामा, चला.”

“जावा. मी काय पळत न्हाई,” मगदूम पोटावरून हात फिरवत म्हणाला.

चढ दमवणारा होता. खाली दाट रान, मग कारवी, मग जांभ्या दगडाचा उघडा, सपाट सडा. ठिकठिकाणी दगडांवर पांढरे बाण होते. पिराजी प्रत्येकापाशी थांबून तो निरखायचा आणि मान हलवून पुढे जायचा.

खिंडीत बिरोबाचं ठाणं होतं. चार शेंदूर नसलेले दगड आणि एक दगडी वाटी. वाटीत भंडारा. इथून जाणारा माणूस धनगर असो, मराठा असो की साहेब असो, चिमूटभर भंडारा कपाळाला लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. इथं गुलाल नाही, कुंकू नाही. बिरोबाला फक्त हळदीचा भंडारा चालतो.

क्रांतीनं वाटीत बोटं घातली आणि थांबली. दवानं भंडारा ओलसर झाला होता. पिवळ्याजर्द ढिगात, काठाजवळ, तीन लालभडक ठसे होते. तीन बोटांचे.

“मामा, इथं कुंकू कुणी आणलं?”

“कोन आननार? द्येव कोपंल की.”

ती कपाळाला भंडारा लावून चालू लागली.

फाटा तिथून दहा मिनिटांवर होता. सपाट काळ्या दगडावर बाण होता, डावीकडे वळलेला. चांगला हातभर लांब, कडा सरळ, जाडी सगळीकडे सारखी. उजव्या वाटेवर करवंदाची फांदी आडवी टाकलेली. क्रांती वाकली आणि बाणाच्या टोकाची पूड चिमटीत घेऊन चोळली.

तिची भंडाऱ्याची पिवळी बोटं बघता बघता लाल झाली.

ती तशीच वाकलेली राहिली. मग मागे वळून खालच्या वळणावरच्या बाणापर्यंत आली, दुसऱ्या हाताच्या बोटांना कपाळावरचा भंडारा लावून तिथली पूड चिमटीत घेतली. बोटं पिवळीच राहिली.

फाट्यावर परतून तिनं काळा दगड नीट पाहिला. उजव्या बाजूला पूड हातानं पुसल्याचा फिकट पट्टा दिसत होता. भेगेत थोडी रांगोळी अडकून राहिली होती.

“काय बघालाय मॅडम?” पिराजीनं विचारलं.

“काही नाही. चला खाली.”

शाळेत आल्यावर तिनं पडवीच्या खोलीत एकेकाला बोलावलं. मगदूम खुर्चीत बसला. पहिला ऋतुराज. मंडळाचा उपप्रमुख, तिशीचा, गोरागोमटा, भेदरलेला. कपाळावर घामानं ओघळलेला पिवळा भंडारा. बुटांवर आणि बाहीवर पांढरी पूड.

“खराडेंना पहिल्यांदा कुणी बघितलं?”

“मी. ते नेहमी अर्धा तास आधी एकटेच निघायचे. शिखरावर झेंडा आपणच आधी रोवायचा, हा त्यांचा नियम. सव्वासहाला गेले. पावणेसातला मी त्यांच्या मागं निघालो.”

“बाकीचे?”

“माझ्या मागं. मी फाट्यावर पोचलो, हाक मारली, ओ न्हाई. कड्यावरनं वाकून बघितलं तर...” त्यानं दाराबाहेरच्या चादरीकडे पाहिलं. “तिथनंच ओरडलो. बाकीचे तवा खिंडीच्या खालीच हुते. तसेच माघारी फिरले.”

“म्हणजे बिरोबाच्या पुढं आज सकाळी फक्त तुम्ही दोघं गेलात?”

“व्हय.”

“तुमचं आणि खराडेंचं भांडण होतं?”

तो मगदूमकडे बघू लागला. “प्रमुखपदावरनं वाजलंवतं. पर म्हणून मी... मॅडम, आई शप्पथ!”

“बाहीवर काय आहे?”

“रांगोळी. काल पिराजीमामांबरोबर काढत हुतो.”

“बिरोबाला भंडारा कधी लावला?”

“काल सांजचाच हात धुतलावता, मग आज वर जाताना लावला. चालतंय न्हवं?”

क्रांतीनं खिशातून कागदाची पुडी काढली. खिंडीतून चिमूटभर भंडारा आणला होता. त्याच्या बाहीवर थेंबभर पाणी टाकून तो चोळला. पिवळाच राहिला. ऋतुराजला काही कळलं नाही. मगदूमलाही नाही, पण फौजदार असल्यामुळे त्यानं मान डोलावली.

मग जोतीराम सर आले. बसण्यापूर्वी त्यांनी खुर्ची सरळ करून ठेवली. चाळीस वर्षं पोरांना रांगेत उभं केलेला माणूस.

“सर, तुम्ही सकाळी कुठं होता?”

“सगळ्यांच्या मागं, पोरी. माझे गुडघे आता मला इचारल्याशिवाय चालत न्हाईत.”

“खिंडीपर्यंत पोचला होता?”

“न्हाई. खालीच हुतो. ऋतुराजची हाक आली, मागं फिरलो.”

“रात्री कुठं झोपला?”

“पडवीत. दाराच्या कडंला. म्हाताऱ्या माणसाला रात्रीचं दोनदा उठावं लागतंय.”

“बिरोबाचं दर्शन राहिलं मग.”

“राहिलं.”

“कपाळाला कुंकू आहे.”

“घरनं निघताना मंडळीनं लावलं.”

“घरी केलेलं का दुकानचं?”

त्यांना प्रश्नाची गंमत वाटली. “दुकानचं गं. आता घरात कोन कुंकू करत बसतंय?”

क्रांती बाहेर गेली. ट्रेकवाल्यांच्या शिदोरीत लिंबं होती, त्यातलं एक कापून अर्धं घेऊन आली आणि सरांसमोर धरलं.

“टोपी काढा, सर. कपाळावर चोळा.”

“हे कशाला?”

“चोळा.”

त्यांनी लिंबाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, लिंबू घेतलं आणि कपाळावरून एकदा फिरवलं. लाल बोट विरघळलं आणि त्याच्या जागी पिवळा ओघळ भुवईवर उतरला.

मगदूम खुर्चीतून अर्धा उठला. “आयला! हळद?”

“भंडारा,” क्रांती म्हणाली. “बिरोबाचा. दुकानातल्या रंगाच्या कुंकवाला लिंबानं काही होत नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि लिंबू लावलं की पुन्हा पिवळी. आपल्या आया-आज्ज्या घरी कुंकू असंच करायच्या.”

भुवईवरचा ओघळ सरांनी पुसलाही नाही.

“जरा इस्कटून सांगा अक्का,” मगदूम म्हणाला.

“फाट्यावरचा बाण पिराजीचा नाही. खालचे सगळे बाण रांगोळीचे आहेत. रांगोळीला भंडारा लावला तर पिवळाच राहतो. फाट्यावरच्या बाणाला माझी भंडाऱ्याची बोटं लागली आणि लाल झाली. तो चुना आहे. पिराजीकडं चुना नाही, खात्यानं दोन वर्षं दिलेलाच नाही. त्यानं उजवीकडं काढलेला बाण कुणीतरी पुसला, नवा डावीकडं काढला, फांदी उचलून उजव्या वाटेवर टाकली.”

“कवा?”

“काल पाचनंतर आणि आज सव्वासहाच्या आत. बाण काढणारा फाट्यावरून परत येताना बिरोबाच्या ठाण्यावरून आला. बोटांना चुना होता. तरी त्यानं वाटीत हात घातला, तीन बोटांची चिमूट घेतली आणि कपाळाला लावली. वाटीत लाल ठसे राहिले, कपाळावर लाल बोट राहिलं. खाली येऊन त्यानं हात धुतले. कपाळ विसरला. अंधारात कपाळाचा रंग कुणाला दिसतोय?”

“पर खून करून आलेला माणूस द्येवाच्या पाया पडतोय व्हय?”

“इथला माणूस पडतोच. त्याला ते आठवून करावं लागत नाही. आणि सकाळी मंडळातले दोघंच त्या ठाण्यापर्यंत गेले. खराडे मेला. ऋतुराजच्या कपाळाचा भंडारा पिवळा आहे. सर म्हणतात, मी खिंडीपर्यंत पोचलोच नाही.” ती सरांकडे वळली. “बाण हातभर लांब होता, कडा पट्टीनं मारल्यासारख्या. अंधारात, टॉर्चच्या उजेडात इतकी सरळ रेघ मुठीतून सोडणारा हात मैदानं आखून तयार झालेला असतो. सर, तुम्ही कबड्डीचं मैदान कशानं आखायचा?”

“फक्कीनं,” जोतीराम सर म्हणाले. “चुन्याच्या. पिशवीत डबा हाय. टाकून द्यायचंबी सुचलं न्हाई.”

आवाजात काही चढउतार नव्हता. हजेरी घेताना असतो तेवढाच.

“रांगोळी पिराजीच्या पिशवीत होती, ती घेता आली असती,” मगदूम न राहवून म्हणाला.

“चाळीस वर्षं पांढरी रेघ म्हणजे फक्कीच. दुसरं डोक्यात आलं न्हाई.”

“का, सर?” क्रांतीनं विचारलं.

त्यांनी खिशातून एक मोबाईल काढला. काच तडकलेला. “पृथ्वीराजचा. तपासातनं गेल्या महिन्यात परत मिळाला. पोलिसांनी उघडलाबी न्हवता. मी चार्ज करून बघितला. शेवटी त्यानं सवताचा व्हिडिओ काढलाय. हसालाय त्यात.” त्यांनी तो लावला नाही, नुसता हातात धरला. “म्हणतोय, पाय मुरगळलाय, उदयसिंह सरांनी हितंच बसायला सांगितलंय, शिखरावर जाऊन येताना नेतो म्हणालेत. तोवर आपला आराम. एवढंच. ते उतरले दुसऱ्या वाटेनं. फोटो काढायच्या नादात पोरगं बसलंय ह्येच इसरले. आणि जबाबात लिवलं, पोरानं ऐकलं न्हाई. माझं पोरगं ऐकत न्हवतं म्हणून मेलं, असं वर्षभर मी सांगत फिरलो. सोयऱ्यांना. शाळेत. त्येच्या आईला.”

“हा व्हिडिओ पोलिसांना दाखवायचा होता.”

“दाखवायचा हुता.”

“फाट्याच्या डावीकडं कडा आहे, हे तुम्हाला माहीत होतं.”

“व्हय. गेल्या साली तिथंच उभा राहून खाली बघितलंवतं. साडेतीनला निघालो, साडेपाचला माघारी आलो. गुडघ्यांनी काय तरास दिला न्हाई.”

“आणि पिराजी?” क्रांतीचा आवाज पहिल्यांदा थोडा वर गेला. “त्याला पाणी पाजत होता तुम्ही. तो स्वतःला खुनी समजून बसलाय.”

“त्येचं नाव यील, ह्ये आधी सुचलं न्हाई. आलं तवा सोडा म्हणालो मी फौजदारांना. पर खरं बोलावं, असं काय आतनं आलं न्हाई.” त्यांनी क्रांतीकडे पाहिलं. शाळेतल्या एखाद्या हुशार मुलीकडे बघावं तसं. “तुला वाटतंय, त्यो पडल्यावर मला बरं वाटलं आसंल. मलाबी तसंच वाटलंवतं. ऋतुराजची हाक आली तवा मी उभा राहून वाट बघितली, आतनं काय येतंय का. राग, आनंद, रडू. कायच आलं न्हाई, पोरी. नुसतं गार. मग मी सगळ्यांच्या मागनं खाली आलो.”

क्रांतीला ते गार म्हणजे काय, ते नेमकं माहीत होतं. तिला त्या माणसाचा राग यायला हवा होता आणि दयाही यायला हवी होती. दोन्ही दारापर्यंत आली आणि बाहेरच थांबली.

मगदूमनं सरांचा दंड धरला. सरांनी उठून खुर्ची पुन्हा सरळ करून ठेवली.

क्रांती बाहेर आली. पिराजी तिथंच पायरीवर होता. हातात एक पिशवी, तीत टॉवेल आणि तंबाखूची पुडी. बायकोनं घरून आणून दिली होती. तो चौकीवर जायच्या तयारीनं बसला होता.

“मामा, पिशवी घरी न्या. तुम्हाला कुठं जायचं नाही.”

“म्हंजी?”

“तुमचा बाण बरोबर होता. उजवीकडं. तो पुसून दुसरा काढला होता. पोवार सरांनी.”

पिराजीनं सरांना जीपकडे जाताना पाहिलं. त्याला त्यांच्याविषयी काही विचारायचं नव्हतं.

“म्या उजवीकडंच काढलावता?”

“हो.”

“फांदी डाव्या वाटंवर?”

“डाव्या वाटेवर.”

“म्हंजी माझं डोसकं जाग्यावर हाय? मला जे आठवत हुतं, त्ये खरंच हुतं?”

“सगळं खरं होतं, मामा.”

पिराजीचा चेहरा आधी नुसता वाकडा झाला. मग त्यानं पिशवी तोंडावर धरली आणि पंचावन्न वर्षांचा तो माणूस अख्ख्या गावासमोर हंबरडा फोडून रडू लागला. ऋतुराज धावला, पिराजीची बायको धावली, कुणी पाणी आणलं. तो कुणाचं ऐकेना. खांदे गदगदा हलत होते, नाक वाहत होतं, त्याला कशाची लाज नव्हती.

क्रांती दोन पावलांवर उभी राहून बघत होती. तिला त्याचा हेवा वाटला. इतका, की छातीत दुखलं. ती पायरीवर त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा हात घट्ट धरला, कारण दोन महिन्यांत तिला काही वाटलं होतं ते हे पहिलंच, आणि ते सुटून जाईल अशी तिला भीती वाटत होती.